कोणत्या पायावर उंची मोजायची?

संक्रांतीच्या आठवड्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीत एक बोर्ड लागला होता. पतंग, तिळगूळ, काळ्या साडीतली हसरी बाई आणि खाली, ‘यंदाचं वाण आरोग्याचं! संपूर्ण स्त्री तपासणी फक्त ४,८०० रुपयांत.’ एक्कावन्न वर्षांच्या, लग्न न केलेल्या बाईला हळदी-कुंकवाचं बोलावणं किती घरांतून येतं ते मी सांगायला नको. म्हटलं, हे वाण तरी घेऊन येऊ.

खरं कारण वेगळं होतं. दिवाळीच्या आधी मी न्हाणीत घसरले आणि उजव्या मनगटाला बारीक तडा गेला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ‘पाळी जाऊन दोन वर्षं झाली, त्यात पोलिओचा पाय. हाडांची घनता एकदा बघून घ्या.’ ती डेक्सा नावाची तपासणी या पॅकेजमध्ये होती. शिवाय मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, पॅप म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठीची तपासणी, रक्त, ईसीजी. मॅमोग्राफी मी आयुष्यात एकदाही केली नव्हती. का नव्हती, ते पुढे येईलच.

सेंटरचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की मालकाला कुणी काही बोलत नाही, काउंटरवरच्या पोरीला मात्र सगळे झापतात. आणि मी खाली जे लिहिलंय ते हाताशी धरून तुम्ही तुमच्या गावातलं कुठलंही सेंटर तपासू शकता.

माझी थोडी माहिती, म्हणजे हिशोब कळेल. मी हायस्कूलला गणित शिकवते. १९७५च्या जानेवारीत, चौदा महिन्यांची असताना पोलिओ झाला, उजवा पाय गेला. मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या, गुडघ्याला लॉक, डाव्या हातात कुबडी. पहिलं कॅलिपर वडिलांनी मुंबईहून, हाजी अलीच्या हॉस्पिटलातून करून आणलं होतं. गेली तीन वर्षं डावा खांदा कुरकुरतोय, म्हणून लांब जायचं तर व्हीलचेअर. पोलिओनंतर बऱ्याच वर्षांनी, पंधरा ते चाळीस म्हणतात, तगलेले स्नायूही थकायला लागतात, त्यातलाच हा प्रकार. सोबत वहिनी होत्या. रिक्षात खुर्ची कोंबण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

आदल्या दिवशी मी फोन केला होता.

‘लिफ्ट आहे का?’

‘आहे मॅडम.’

‘टॉयलेटमध्ये व्हीलचेअर जाते का?’

‘वेस्टर्न आहे मॅडम.’

मी पुन्हा विचारलं. पुन्हा ‘वेस्टर्न आहे’. तिच्या दृष्टीने प्रश्नाचं उत्तर झालं होतं.

रॅम्प आहे. रॅम्पचा नियम सोपा आहे, एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी. सहावीतल्या पोरांना गुणोत्तर शिकवताना मी हेच उदाहरण देते. इथे दीड फूट चढाला मोजून सहा फूट लांबीचा लोखंडी पत्रा टाकलाय. त्याला रॅम्प म्हणत नाहीत, घसरगुंडी म्हणतात. वॉचमनदादा आणि वहिनींनी मिळून ढकललं. लिफ्ट मात्र चांगली. दार रुंद, बटणं बसून हाताला येतात, आत आरसा आहे. त्यामुळे उलटं बाहेर पडताना मागचं दिसतं. हे कुणीतरी विचार करून केलंय किंवा कंपनीकडून तसंच आलंय. मी पूर्ण मार्क दिले.

पहिलं वजन-उंची. काट्यावर उभं राहून कुबडी बाहेर जमिनीवर टेकली की वजन कमी भरतं आणि कुबडी सोडली की मी पडते. शेवटी भिंतीला बोटं लावून उभी राहिले. ५९ भरलं. ‘त्यातून दोन किलो तीनशे वजा करा,’ मी म्हटलं. ‘कॅलिपरचं वजन आहे, आमच्या किराणावाल्याच्या काट्यावर केलेलं.’ पोरगी हसली, पण तिने वजाबाकी केली. मग पट्टीखाली उभं केलं आणि गोंधळली. माझा उजवा पाय चार सेंटिमीटरने आखूड. बूट काढला की मी एका बाजूला कलते.

‘काकू, कोणत्या पायावर उंची मोजायची ओ?’

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आजवर ज्याने त्याने मनाला येईल ते लिहिलं. माझ्या जुन्या कागदांवर तीन वेगवेगळ्या उंच्या आहेत. मी म्हटलं, ‘डाव्या.’ तिने लिहिलं, आणि पुढे कंसात ‘डाव्या पायावर’ असंही लिहिलं. साधारण तेवीस वर्षांची असेल. कॅलिपरकडे बघत म्हणाली, ‘ॲक्सिडेंट झालता काय?’

‘पोलिओ.’

‘म्हणजे ते डोस देतात तो?’

मला राग आला नाही. तिला पोलिओ म्हणजे दोन थेंब आणि करंगळीवरची शाई एवढंच ठाऊक. देशातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ची, पश्चिम बंगालातल्या हावड्याची. तेव्हा ही पोरगी शाळेत असेल. हिच्या पिढीने पोलिओचा पाय बघितलेलाच नाही, हे चांगलंच झालं. पण मग आमच्यासारख्या उरलेल्यांना हात कसा लावायचा, हेही यांना कुणी शिकवलेलं नाही. ते आम्हीच शिकवायचं, उपाशीपोटी, सकाळी साडेआठला.

रक्त, ईसीजी झटपट झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सोनोग्राफी. बायकांना माहीतच आहे, ओटीपोटाची सोनोग्राफी म्हणजे पाच ग्लास पाणी पिऊन मूत्राशय तुडुंब भरायचं आणि नंबर लागेपर्यंत धरून बसायचं. धडधाकट बाईची यात फजिती होते. माझ्यासारखीचं गणित आणखी वेगळं. नंबर लागला की खुर्चीवरून टेबलावर, टेबलावरून पुन्हा खुर्चीवर, मग कॅलिपरचे पट्टे आवळायचे, मग टॉयलेट शोधायचं, आणि हे सगळं भरल्या मूत्राशयाने. म्हणून मी अशा दिवशी टॉयलेट आधी बघून ठेवते. इथलं वेस्टर्न खरंच होतं, स्वच्छही होतं. पण दाराआधी सहा इंचांची पायरी. आपल्याकडे पाइप फिरवायला जमीन उचलतात, त्याची ही पायरी. दार चोवीस इंच, माझी खुर्ची साडेचोवीस. अर्ध्या इंचाने माणूस बाहेर. आत धरायला दांडी नाही, टॉवेल अडकवायचा हलका रॉड तेवढा, जो धरला असता तर भिंतीसकट हातात आला असता.

मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘वरच्या मजल्यावर साहेबांचं हाय की मोठं.’ साहेबांचं टॉयलेट खरोखर मोठं, सपाट, कमोडशेजारी पक्की स्टीलची दांडी. साहेबांच्या आईसाठी बसवलेली, असं मावशींकडूनच कळलं. म्हणजे दांडी कुठे, किती उंचीवर लावायची हे त्या घराला चांगलं माहीत आहे. फक्त ते ज्ञान लिफ्टने एक मजला खाली आलेलं नाही. मावशींनी किल्ली आणली, कुणाला विचारलं नाही. सोनोग्राफी करणारे डॉक्टर मात्र समजूतदार. मला रांगेतून पुढे घेतलं आणि खालचा भाग आधी बघून ‘आता मोकळ्या होऊन या, वरचं नंतर करू’ म्हणाले. एवढं वाक्य प्रत्येक सेंटरने भिंतीवर लिहून ठेवावं.

आता मॅमोग्राफी. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते. तिथल्या बाईंनी ‘उभं राहता येत नाही? मग नाही होणार’ म्हणून परत पाठवलं आणि मी ते खरं मानलं. गणिताच्या बाईने सिद्धता न मागता खरं मानलं! यंत्र खालीवर होतं, बसूनही तपासणी होते. अट एकच, खुर्चीचा हात निघायला हवा. माझ्या खुर्चीचे हात निघतात, पायाच्या पट्ट्याही निघतात, नाहीतर त्या यंत्राच्या पायाला अडतात. नवीन खुर्ची घेणाऱ्या बायांनो, हे बघूनच घ्या. दुकानदार सीटचा फोम दाखवत बसतो.

चार फोटो असतात, दोन्ही बाजूंचा एकेक वरून आणि एकेक तिरका. वरून सोपा. तिरक्याला हात वर घेऊन काखेपर्यंतचा भाग पाटीवर टेकवायचा असतो आणि अंग पुढे झुकवायचं. माझ्या कमरेला त्या बाजूने तोल नाही, झुकले की झुकतच जाते. इथल्या टेक्निशियन ताईंनी पाठीमागे उशी लावली, वहिनींना शिशाचा एप्रन घातला आणि माझा खांदा धरायला उभं केलं. डावा तिरका फोटो दोनदा घ्यावा लागला. ‘कुबडीने छातीचा स्नायू घट्ट झालाय तुमचा,’ त्या म्हणाल्या. पहिलवानांच्या गावात हे कौतुकच समजायचं. दुखतं का? दाबलं जातं ते काही सेकंद दुखतं. पोरांच्या पेपर तपासण्याइतकं नाही. आणि हो, त्या दिवशी काखेत पावडर, डिओ काही लावू नका. त्यातले कण फोटोत ठिपक्यांसारखे उमटतात आणि उगीच जिवाला घोर. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, ओल्या फडक्याने पुसावं लागलं.

रिपोर्ट बरा आला. दहा वर्षं एका ‘नाही होणार’वर घालवली, हे मात्र मनातून जात नाही.

यानंतर काउंटरवरून हाक आली. ‘मॅडम, पॅप कट करते हं. तुमचं मिस आहे ना.’

‘कट केलं तर पैसे कट होणार का?’

‘नाही मॅडम, पॅकेज आहे.’

‘मग कट कशाला करताय?’

ती गप्प झाली, आजूबाजूच्या चार बायका माझ्याकडे बघायला लागल्या. तिने फॉर्मवर रेघ मारलेली होती. लग्न नाही, त्यात पाय तसा, म्हणजे हिचा या भागाशी संबंध काय, हा हिशोब त्या रेघेत होता. ती रेघ त्या पोरीची एकटीची नाही, मी ती आयुष्यभर बघत आले आहे. पाळीचा त्रास सांगितला की डॉक्टर पायाचं औषध देतात आणि पायाचं सांगितलं तर म्हणतात, ‘आता एवढं तर असणारच.’ मी आवाज न चढवता म्हटलं, ‘माझं काय आहे, काय नाही, ते मी डॉक्टरांना सांगेन. काउंटरला नाही.’ २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याच्या २५व्या कलमात सरकारी आणि खासगी, दोन्ही दवाखान्यांच्या सगळ्या भागांत अडथळ्याविना जाता यावं असं लिहिलंय, आणि त्याच कलमात दिव्यांग स्त्रियांच्या लैंगिक आणि प्रजनन आरोग्याचा वेगळा उल्लेख आहे. हे मी तिला सांगितलं नाही. मागे रांग होती. इथे लिहिते.

डॉक्टर बाई निघाल्या उत्तम. त्यांनी पहिलं काम केलं ते वहिनींना बाहेर बसायला सांगण्याचं. माझ्या वहिनी फार चांगल्या, पण सोबत आलेलं माणूस म्हणजे आपली प्रवक्ता, असं डॉक्टर धरून चालतात. ‘यांना दुखतं का?’ हे वहिनींना विचारतात, मी समोर बसलेली असताना. या बाईंनी सगळं मला विचारलं, मी जे सांगायचं ते सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, ‘मग करू या.’

टेबलाने मात्र घात केला. उंची चौतीस इंच, हलत नाही. माझ्या खुर्चीची बैठक एकोणीस इंच. मधल्या पंधरा इंचांसाठी एक डुगडुगतं स्टूल. दोन वॉर्डबॉय धावत आले, ‘उचलून ठेवतो की मावशी.’ या तपासणीसाठी, या टेबलावर, दोन पोरांनी उचलून ठेवायचं! मी नको म्हटलं. नर्सने स्टुलावर पाय रोवून ते घट्ट धरलं, मी डावा पाय वर घेतला, लॉक लावलेला उजवा मागून ओढला आणि कशीबशी टेकले. या प्रकारात सहा मिनिटं गेली. खालीवर होणारी टेबलं बाजारात मिळतात, डोळ्यांच्या आणि दातांच्या दवाखान्यात खुर्च्या वरखाली होतात, आणि जिथे सगळ्यात जास्त गरज तिथे चौतीस इंच ठोकळा.

पाय अडकवायच्या त्या रिकिबीत माझा उजवा पाय राहत नाही. स्नायूच नाही, तो बाहेर पडतो. डॉक्टर म्हणाल्या, ‘डाव्या कुशीवर व्हा.’ वरचा, म्हणजे उजवा पाय नर्सने गुडघ्याखाली हात घालून उचलून धरला, दोन मिनिटांत झालं. कुशीवरही ही तपासणी होते, हे मला या वयात कळलं. पाय न मिटणाऱ्या, कमरेतून न वळणाऱ्या कितीजणी हे न कळल्यामुळे गेल्याच नसतील. डॉक्टर असंही म्हणाल्या की एचपीव्हीच्या, म्हणजे हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो त्याच्या तपासणीत बाई स्वतःच नमुना घेऊ शकते, टेबलावर चढायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१च्या सूचनांत ते मान्य केलंय. या सेंटरमध्ये ती सोय नव्हती. विचारून ठेवा, मागणी झाली तर ठेवतील.

शेवटी डेक्सा, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. हे टेबल बुटकं, एकटीने सरकता आलं. पुन्हा तीच, उंची विचारणारी पोरगी. कॅलिपर उतरवलं, कारण लोखंड चालत नाही. तिने मणका घेतला, डावा खुबा घेतला आणि म्हणाली, ‘झालं काकू.’

‘आणि उजवा?’

‘एकच घेतो आपण. डावा.’

सगळ्यांचा डावा घेतात, तशी पद्धत. माझा डावा पाय म्हणजे पन्नास वर्षं दोघांचं ओझं वाहिलेला पाय. त्याचं हाड चांगलंच असणार. हाडाला जोर लागतो तो स्नायूच्या ओढीचा आणि अंगाच्या भाराचा. उजव्याला दोन्ही मिळालेलं नाही. मोडेल तर उजवा मोडेल. हे तिला मी फळ्यावर सांगावं तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘दुसऱ्याचे नऊशे पडतील.’ मग स्वतःच आत जाऊन डॉक्टरांना विचारून आली आणि ‘करायलाच पाहिजे म्हणाले’ असं सांगितलं. नऊशे घेतलेच, तो भाग वेगळा. खुबा बघताना पाय थोडा आत वळवून धरावा लागतो. माझा पाय वळतो कुठेही, पण राहत नाही. तिने माझाच कॅलिपरचा कापडी पट्टा घेऊन पाऊल त्या त्रिकोणी ठोकळ्याला बांधलं. हुशार पोरगी.

आकडे सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मुद्दा कळत नाही. निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत आपलं हाड किती कमी, ते हा आकडा सांगतो. डावा खुबा उणे १.३. उजवा उणे ३.१. उणे एकपर्यंत ठीक, उणे अडीच आणि त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. एकच खुबा घेतला असता तर मी ‘थोडं कमी आहे, कॅल्शियम घ्या’ एवढ्यावर घरी आले असते. मणक्याचा आकडा सगळ्यात छान आला, पण माझा मणका वाकडा आहे आणि वाकड्या मणक्यावर हा आकडा फसवतो, असं हाडांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ड जीवनसत्त्व १४, म्हणजे कमीच. ते आधी भरून काढायचं, दात तपासून घ्यायचे, मग वर्षातून एकदा शिरेतून औषध. आणि न्हाणीत दांडी. ती त्याच रविवारी बसवली, साहेबांच्या टॉयलेटमधली उंची लक्षात ठेवून.

नाश्ता पॅकेजमध्ये होता. गार उप्पीट आणि साखरेचा चहा. समोरच मिसळ होती, तीन पायऱ्या चढून. वहिनींनी पार्सल आणलं, आम्ही रिक्षाच्या सावलीत खाल्लं.

आठवडाभर मोबाइलवर मेसेज येत होता, अनुभवाला स्टार द्या म्हणून. लिफ्टचा एक, डॉक्टर बाईंचा एक, त्या पोरीचा एक. मावशींचा अर्धा द्यायचा होता, पण अर्ध्याचं बटण नाही. तीन दिले. लगेच फोन आला, ‘मॅडम, काय कमी पडलं?’ मी म्हटलं, लिहून घ्या. टेबल पंधरा इंच उंच, पायरी सहा इंच, दार अर्धा इंच अरुंद, रॅम्प बारा फुटांनी तोकडा. पलीकडून काही सेकंद आवाज नाही. मग, ‘मॅडम, व्हॉट्सॲप करता का?’ केलं, पायरीच्या फोटोसकट. दोन निळ्या टिका आल्या, पुढे काही नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने आहे. डेक्सा पुन्हा करायची तर शक्यतो त्याच मशीनवर करावी लागते, एका मशीनचे आकडे दुसऱ्याशी नीट जुळत नाहीत. दोन वर्षांनी औषधाचा उपयोग झाला का ते बघायचं, म्हणजे जानेवारी २०२७ला मी पुन्हा तिथेच. टेप घेऊन जाणार आहे.